एकटा माणूस तीन मशिनगन कशा बंद पाडतो? नामदेव जाधव आणि व्हिक्टोरिया क्रॉस, सोप्या भाषेत

२०२३ च्या जुलैमध्ये इटलीतल्या मोंतोने नावाच्या छोट्याशा गावात एक सूर्यघड्याळाचं स्मारक उभं राहिलं आणि त्यावर नाव होतं नाईक यशवंत घाडगे. रायगडमधल्या माणगाव तालुक्यातला माणूस, १९४४ मध्ये त्याच भागात लढता लढता गेला. बातमी आली तेव्हा लोकांना अभिमान वाटला, फोटो फिरले, आणि मग दरवेळी येतात तेच प्रश्न आले. आपली माणसं इटलीत काय करत होती? एकट्यानं मशिनगनवर धावून जाणं खरंच शक्य असतं का, की हे नंतर रंगवून लिहिलेलं असतं? आणि त्याला मिळालेलं व्हिक्टोरिया क्रॉस हे पदक नेमकं ठरवतं कोण?

घाडगेंवर येऊच, पण आधी दुसऱ्या एका मराठी माणसाबद्दल बोलू या, शिपाई नामदेव जाधव. अहमदनगर जिल्ह्यातलं (आता अहिल्यानगर) निमज हे त्यांचं गाव. गंमत म्हणजे घाडगे आणि जाधव दोघांचाही जन्म नोव्हेंबर १९२१ चा. जाधवांचं नाव त्या मानानं कमी ऐकू येतं, पण रणांगणावरचं शौर्य म्हणजे काय हे समजून घ्यायचं असेल तर मला त्यांचीच लढाई जास्त उपयोगी वाटते, कारण तिच्यात प्रत्येक पायरी वेगळी दिसते.

व्हिक्टोरिया क्रॉस म्हणजे काय

ब्रिटिश सैन्यातलं शौर्याचं सर्वोच्च पदक. राणी व्हिक्टोरियानं १८५६ मध्ये सुरू केलं. दिसायला अगदी साधं, ब्राँझचा क्रॉस आणि किरमिजी फीत, सोनं नाही चांदी नाही. अट एकच पण कडक, की शौर्य शत्रूच्या समोर दाखवलेलं पाहिजे. म्हणजे बॉम्ब निकामी करताना किंवा आगीतून माणसं काढताना कितीही धाडस केलं तरी समोर शत्रू नसेल तर हे पदक नाही, त्यासाठी १९४० पासून जॉर्ज क्रॉस वेगळा आहे.

भारतीय शिपायांना हे पदक सुरुवातीला मिळूच शकत नव्हतं. त्यांच्यासाठी १८३७ पासून इंडियन ऑर्डर ऑफ मेरिट हे वेगळं पदक होतं. १९११ मध्ये, दिल्ली दरबाराच्या वर्षी, नियम बदलला आणि तीनच वर्षांनी पहिल्या महायुद्धात बेल्जियममध्ये खुदादाद खान हे पदक मिळवणारे पहिले भारतीय शिपाई ठरले. म्हणजे पहिली ५०-५५ वर्षं एकाच लढाईत शेजारी शेजारी लढलेल्या गोऱ्या आणि काळ्या शिपायाला वेगवेगळ्या मापानं मोजत होते, हे विसरून चालत नाही.

दुसऱ्या महायुद्धात सगळ्या आघाड्या मिळून हे पदक १८२ वेळा दिलं गेलं. त्यातली २० इटलीतली, आणि त्या २० पैकी ६ भारतीय सैन्यातल्या जवानांना. त्या ६ मधले दोन मराठा लाईट इन्फंट्रीचे, घाडगे आणि जाधव.

पण इटलीत कशाला?

थोडक्यात सांगतो. मित्रराष्ट्रांचं सैन्य १९४३ च्या जुलैत सिसिलीत उतरलं, सप्टेंबरमध्ये इटलीनं शरणागती पत्करली, पण जर्मन सैन्य काही हललं नाही. ते दक्षिणेकडून उत्तरेकडे एकेक नदी आणि एकेक डोंगर धरून मागे सरकत राहिलं. इटलीचा नकाशा बघितला की लक्षात येतं, मधोमध डोंगरांची रांग आणि तिच्यातून दोन्ही बाजूंना उतरणाऱ्या नद्या, त्यामुळे उत्तरेकडे जाणाऱ्याला सारखी नदी ओलांडावी लागते. एक ओलांडली की पुढे दुसरी तयार. या मोहिमेत भारतीय सैन्याच्या चौथ्या, आठव्या आणि दहाव्या अशा तीन डिव्हिजन होत्या, साधारण ५०,००० जवान, आणि त्यातले ५,७८२ परत आले नाहीत.

१९४४-४५ च्या हिवाळ्यात ही आघाडी सेनिओ नावाच्या नदीवर येऊन अडकली. नदी म्हणजे काही गंगा-गोदावरी नाही, चार-पाच फूट पाणी, चालत पार होईल एवढीच. मग महिनोन् महिने अडकण्यासारखं होतं काय?

भानगड नदीची नव्हती, बांधाची होती

प्रवरेच्या पाटाच्या कडेनं कधी चालला असाल तर डोळ्यांसमोर आणा. दोन्ही बाजूंना मातीचे भराव, मधे पाणी, आणि बाहेरच्या शेतात उभं राहिलं की आत काय चाललंय ते दिसत नाही. सेनिओचं तसंच होतं, फक्त सगळं मोठ्या मापाचं. पूर येतो म्हणून तिथल्या लोकांनी नदीच्या दोन्ही काठांना उंच, उभ्या चढाचे बांध घातलेले होते आणि आजूबाजूचं रान सपाट.

जर्मनांनी या बांधांचाच किल्ला केला. मातीत पोखरून आत खंदक आणि मशिनगनची ठाणी बसवली, वर सुरुंग पेरले. आणि यातली खरी चलाखी म्हणजे काही ठाणी बांधाच्या आतल्या अंगाला, म्हणजे पाण्याकडे तोंड करून होती. भारतीय सैन्य पूर्वेकडून येणार, पूर्वेचा बांध चढून पाण्यात उतरणार आणि पश्चिमेकडे जाणार, मग जो बांध आपण आत्ताच ओलांडला त्याच बांधाच्या पोटात शत्रू बसलेला असेल असं कोणाच्या मनात येईल? पाण्यात कमरेएवढं भिजलेला माणूस समोरच्या काठाकडे बघत असतो आणि गोळ्या येतात पाठीमागून.

वरून बॉम्ब टाकून हे मोडत नाही का? टाकले की. ९ एप्रिल १९४५ ला दुपारपासून शेकडो विमानं आणि तोफा त्या पट्ट्यावर आग ओकत होत्या, संध्याकाळी पायदळ निघालं. पण मातीच्या जाड बांधात खोल बसलेली माणसं अशा माऱ्यातूनही उरतात. शेवटी पायदळालाच आत जावं लागतं, त्याला इलाज नाही.

जाधवांनी नेमकं काय केलं

जाधव पहिल्या बटालियनमध्ये होते आणि त्यांचं काम होतं रनरचं. रनर म्हणजे निरोप्या, वायरलेस बंद पडला किंवा पोचला नाही तर कंपनी कमांडरचा निरोप पायी धावत नेणारा शिपाई. म्हणजे हल्ल्याचं मुख्य काम त्याच्याकडे नसतंच, साहेबाच्या जवळ राहायचं आणि सांगितलं की पळायचं.

पुढचं सगळं त्यांच्या सायटेशनमध्ये आहे. सायटेशन म्हणजे पदकासोबत जाहीर होणारा, कोणत्या कृत्याबद्दल पदक दिलं त्याचा मजकूर.

त्यांची तुकडी नदी पार करून पश्चिम काठावर चढत होती तेव्हा पूर्वेच्या बांधाच्या आतल्या अंगातून कमीत कमी तीन ठाण्यांनी एकदम मारा सुरू केला. कंपनी कमांडर आणि दोन जवान जखमी झाले, बरोबरचे बाकी सगळे ठार. धड उरले ते एकटे जाधव. त्यांनी एका जखमीला उचललं, खोल पाण्यातून परत आणलं, सुरुंग पेरलेल्या त्या उभ्या चढावरून वर नेलं आणि बांधापलीकडे सुरक्षित पोचवलं. मग परत गेले आणि दुसऱ्या जखमीला तसंच आणलं. दोन्ही वेळा वरून मॉर्टरचे गोळे आणि समोरून मशिनगन.

आता इथं जरा थांबा. या क्षणी जाधव सुरक्षित बाजूला होते. बांधाच्या बाहेरच्या अंगाला आपलीच माणसं होती, दोन जखमी आणून झाले होते, हुकूम देणारा कमांडर स्वतःच जखमी. ते तिथंच बसले असते तर कोणीही एक शब्द बोललं नसतं, उलट तेवढ्यावरही एखादं पदक मिळालं असतं असं मला वाटतं. ते तिसऱ्यांदा बांध ओलांडून आत गेले.

पहिल्या ठाण्यावर धावत जाऊन टॉमीगननं, म्हणजे हातात धरून चालवायच्या छोट्या मशिनगननं, ते बंद पाडलं. त्यात हाताला गोळी लागली, बंदूक चालवता येईना, म्हणून ती टाकून दिली आणि हातबॉम्ब घेतले. त्यावर आणखी दोन ठाणी उडवली, मधे हातबॉम्ब संपले तर सरपटत बांधाच्या माथ्यावर जाऊन पलीकडच्या सोबत्यांकडून नवे घेऊन आले. पूर्वेच्या बांधावरून येणारा मारा सगळा थांबल्यावर ते माथ्यावर चढले आणि मॉर्टरचे गोळे पडतच असताना उघड्यावर उभे राहून मराठ्यांची युद्धघोषणा देत, हात हलवून मागच्या कंपन्यांना पुढे बोलावत राहिले.

वय होतं २३.

हे शक्य तरी आहे का?

शंका रास्त आहे. त्या काळातली 'एमजी ४२' ही जर्मन मशिनगन मिनिटाला १,२०० गोळ्यांच्या वेगानं झाडायची, समोरून धावणारा माणूस तिच्यापुढे काही सेकंदसुद्धा टिकत नाही. मग?

मुद्दा असा की मशिनगन भयंकर असते ती तिच्या तोंडासमोर. मातीत पोखरलेल्या ठाण्याला एक झरोका असतो, त्यातून ठराविक कोनातच गोळी मारता येते. म्हणून मशिनगन कधी एकटी ठेवत नाहीत, दोन-तीन अशा लावतात की एकीच्या बगलेवर कोणी आला तर दुसरी त्याला टिपेल. ही व्यवस्था तुटत नाही तोवर अभेद्य असते, पण एक ठाणं पडलं की शेजारच्याची एक बगल उघडी पडते.

आणि सेनिओवर ही ठाणी पाण्याकडे तोंड करून होती. पाण्यातल्या माणसासाठी तो मृत्यूच, पण बांधाच्या माथ्यावरून, म्हणजे त्यांच्या डोक्यावरून किंवा बाजूनं येणाऱ्या माणसाकडे ती लगेच वळवता येत नाहीत. जाधव दोन वेळा जखमींना घेऊन त्याच चढावरून गेले-आले होते, मारा कुठून येतोय हे त्यांच्याइतकं दुसऱ्या कोणाला माहीत असणार? ते मनात हिशोब करून गेले असं सायटेशनमध्ये लिहिलेलं नाही, हा माझा तर्क आहे, पण जागेची रचना बघितली तर पटण्यासारखा आहे.

हातबॉम्बचंही तसंच. बंदूक रोखायला दोन धड हात लागतात, बॉम्ब फेकायला एक पुरतो, आणि अरुंद खड्ड्यातल्या माणसाला त्यापासून पळायला जागा नसते. फक्त एक बॉम्ब पाऊण किलोचा, त्यामुळे अंगावर थोडेच मावतात आणि भराभर संपतात. म्हणून ते सरपटत परत येऊन साठा घेणं, वाचताना किरकोळ वाटतं, पण माझ्या मते सगळ्या प्रसंगातली ती सगळ्यात अवघड गोष्ट असावी. एकदा रागाच्या भरात माणूस धावून जाईल. अर्धं काम करून, हातातून रक्त येत असताना, मागे येऊन सामान घेऊन पुन्हा त्याच ठिकाणी जाणं हे डोकं ठिकाणावर असल्याशिवाय होत नाही.

पदकाची फाईल कशी फिरते

हे बहुतेकांना माहीत नसतं. लढाई संपल्यावर बटालियनचा कमांडिंग ऑफिसर एका ठराविक छापील फॉर्मवर शिफारस लिहितो. व्हिक्टोरिया क्रॉससाठी प्रत्यक्ष पाहिलेल्या साक्षीदारांचे जबाब लागतात, सहसा तीन. मग ती फाईल ब्रिगेड, डिव्हिजन, कोअर, आर्मी अशी वर वर चढते आणि प्रत्येक पायरीवर कोणीतरी विचारतं की हे सर्वोच्च पदकाच्या लायकीचं आहे की खालचं चालेल. बऱ्याच शिफारशी याच वाटेवर खाली घसरतात आणि दुसऱ्या पदकावर भागतं. शेवटी राजाची मंजुरी, आणि मग लंडन गॅझेट या सरकारी राजपत्रात नाव छापून येतं. जाधवांचं नाव १९ जून १९४५ ला छापून आलं, म्हणजे घटनेनंतर जेमतेम सव्वादोन महिन्यांनी, जे बऱ्यापैकी लवकर आहे.

एक जुना आणि मजेशीर नियमही आहे. सगळ्या तुकडीनंच इतकं शौर्य दाखवलं की एकाला निवडणं अशक्य झालं, तर तुकडीनं आपसात मतदान करून नाव द्यायचं. १८५७ च्या लढायांत ब्रिटिशांच्या तुकड्यांनी असं मतदान खरंच केलं होतं.

यातून एक गोष्ट निघते ती नीट लक्षात घ्या. पदक नुसत्या शौर्याला मिळत नाही, कोणीतरी पाहिलेल्या आणि पाहून जिवंत राहिलेल्या माणसानं सांगितलेल्या शौर्याला मिळतं. शिवाय त्यानं लढाईत काय फरक पडला हेही बघतात. जाधवांच्या सायटेशनचा शेवट त्यावरच आहे, की त्यांच्यामुळे दोन बटालियनना नदीचे काठ पक्के धरता आले, पुढे ब्रिजहेड म्हणजे पलीकडच्या काठावर पाय रोवायची जागा वाढवता आली आणि त्या भागातला जर्मन प्रतिकार कोसळला. तीन आठवड्यांनी, २ मे ला, इटलीतल्या जर्मन सैन्याची शरणागती लागू झाली.

मग घाडगेंचं कोणी पाहिलं?

१० जुलै १९४४, टायबर नदीचं वरचं खोरं, मराठा लाईट इन्फंट्रीची तिसरी बटालियन. नाईक घाडगे एका छोट्या तुकडीचे म्होरके होते आणि अगदी जवळून झालेल्या मशिनगनच्या माऱ्यात त्यांच्याशिवाय तुकडीतले सगळे ठार किंवा जखमी झाले. मागे कोणी येणार नाही हे माहीत असून ते एकटे धावले, हातबॉम्बनं मशिनगन आणि ती चालवणारा उडवला, दुसऱ्याला टॉमीगननं मारलं, मॅगझिन बदलायला वेळ नव्हता म्हणून बंदूक नळीकडून धरून उरलेल्या दोघांना तिच्या दस्त्यानं मारलं. मग शत्रूच्या स्नायपरच्या गोळ्या छातीत आणि पाठीत लागल्या आणि त्या ठाण्यातच ते गेले.

तुकडीतले सगळे मेले नव्हते, काही जखमी होते, आणि ही तुकडी एका अख्ख्या कंपनीच्या हल्ल्याचा भाग होती, म्हणजे बघणारे डोळे होते. गॅझेटमध्ये नाव आलं २ नोव्हेंबर १९४४ ला. इथं अजून एक नियम कळला की चित्र बदलतं. त्या काळात मिलिटरी क्रॉस किंवा मिलिटरी मेडल यांसारखी मधली पदकं मरणोत्तर देताच येत नव्हती. तशी पदकं मिळायला माणूस जिवंत असावा लागायचा, व्हिक्टोरिया क्रॉसला मात्र ती अट नव्हती. म्हणजे जाधवांची फाईल घसरली असती तर खाली थांबायला जागा होती, घाडगेंच्या फाईलला तशी फारशी नव्हती. त्यांचं नाव इटलीतल्या कॅसिनोच्या युद्धस्मारकावर कोरलेलं आहे आणि माणगावात पुतळा आहे.

सायटेशन फुगवलेलं नसतं कशावरून?

थोडं असतंच. ते अधिकारी लिहितो, वरच्याला पटावं म्हणून लिहितो, आणि सरकारला भरतीसाठी नायक हवेच असतात. जाधवांच्या सायटेशनमध्ये ते मेलेल्या सोबत्यांचा सूड घ्यायला निघाले असं वाक्य आहे. असेलही, पण त्यांच्या मनात काय होतं ते लिहिणाऱ्याला कसं दिसलं? मी असे मजकूर वाचताना एक चाळणी लावतो, बाहेरून दिसणाऱ्या गोष्टी म्हणजे किती वेळा गेला, कोणाला आणलं, काय टाकून दिलं, हे मानायचं, आणि मनातल्या गोष्टी बाजूला ठेवायच्या. जाधवांच्या बाबतीत मनातलं सगळं काढून टाकलं तरी उरतं ते पुरेसं आहे.

पण लढले तर इंग्रजांसाठीच ना?

हो. आणि हा प्रश्न टाळून पुढे जाण्यात अर्थ नाही. ज्या वर्षांत ही मुलं इटलीत होती त्याच वर्षांत साताऱ्यात क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार इंग्रजांविरुद्ध उभं होतं आणि पूर्वेकडे आझाद हिंद सेना लढत होती. दुसरीकडे भारतीय सैन्यात २५ लाखांच्या आसपास माणसं स्वतःहून भरती झालेली होती, आता 'स्वतःहून' म्हणजे काय हेही बघावं लागतं, कोणी बाप-आजा पलटणीत होता म्हणून गेला, कोणी कोरडवाहू रानात भागत नव्हतं म्हणून, दरमहा घरी मनीऑर्डर येते म्हणून. समोर हिटलरचं सैन्य होतं हेही खरं, आणि त्या सैन्याला हरवणं जगाच्या हिताचं होतं असं मला वाटतं, पण निमजच्या किंवा माणगावच्या पोरानं तो विचार करून सही केली असं मी म्हणणार नाही.

मात्र युद्ध कोणाचं होतं हा एक प्रश्न आणि पाण्यात पडलेला सोबती कोणाचा होता हा दुसरा. जाधवांनी दोन वेळा उचलून आणला तो काही ब्रिटिश साम्राज्याचा नकाशा नव्हता, आपल्या पलटणीतला माणूस होता. पहिल्या प्रश्नावर भांडायचं तर भांडा, त्यानं दुसऱ्याचं उत्तर बदलत नाही.

आणि आज?

स्वातंत्र्यानंतर व्हिक्टोरिया क्रॉसची जागा परमवीर चक्रानं घेतली, २६ जानेवारी १९५० ला सुरू झालं, पण १५ ऑगस्ट १९४७ पासूनच्या लढायांना लागू. आजवर २१ जणांना मिळालंय. कारवारकडचे राम राघोबा राणे त्यातले एक, दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशात लढून आलेले बॉम्बे सॅपर्सचे अधिकारी. त्यांना परमवीर चक्र मिळालं ते १९४८ च्या एप्रिलमध्ये नौशेराकडून राजौरीकडे रणगाड्यांना वाट करून देताना, स्वतः जखमी असूनही तीन दिवस गोळीबारात सुरुंग आणि अडथळे काढत राहिल्याबद्दल. जाधव युद्धातून जिवंत परत आले, पुढे हवालदार झाले आणि १९८४ मध्ये पुण्यात वारले.